काट मारलेला ल

तिकिटावर मी वाचलं, लोड्झ.
स्टेशनात उतरल्यावर कळलं, वूच.
इथे ल च्या अंगावरून एक तिरपी रेघ गेली
की त्याचा व होतो.
आणि वूच म्हणजे होडी.
होडीच्या शहरात पहिले आठ दिवस
मला नदी काही दिसली नाही.

नद्या आहेत. दीड डझन तरी, म्हणे.
गिरण्यांच्या काळात त्यांना नळकांड्यांत घातलं,
वर रस्ते केले, रस्त्यांवर ट्राम.
माझं काम, सहा महिने, बिनपगारी, फक्त ट्रामचा पास:
झाकणं उघडून मायक्रोफोन खाली सोडायचा
आणि ऐकायचं, कोण कुठून कुठे जातंय.

इथे बुवाला पान म्हणतात, बाईला पानी.
पान विएस्वाफ माझे साहेब,
वाळके, कडेनं कुरतडल्यासारखे, नावाला शोभतात.
पानी ग्राझिना घरमालकीण.
सोलापुरात जे चार दिवसांआड येतं,
आलं की झोपेतून उठून कळशा मांडायच्या,
त्याला इथे दिवसभर हाका मारते मी,
फक्त ण चा न करून.

रविवारी दुकानं बंद असतात
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
एक कांदा होता. अर्धा दुपारी खाल्ला.
संध्याकाळी दारावर टकटक, आणि वाडग्यात
पांढरट, आंबूस, वाफाळलेलं काहीतरी.
राईचं पीठ तीन दिवस आंबवून, असं हातवाऱ्यांनी.
अहो, ही तर आंबील!
मी मराठीतच म्हणाले.
त्यांनी मान हलवली, जणू तेच नाव होतं.

मग ती चादर.
बाबांनी मागावरून उतरवून दिलेली, लालभडक,
रंग जाणार नाही असं छातीवर हात ठेवून सांगितलेली.
मशीनवरची पोलिश बटणं मी अंदाजानं फिरवली.
पानी ग्राझिनांचे चार पांढरेशुभ्र अभ्रे
गुलाबी होऊन बाहेर आले.

त्यांनी एक अभ्रा खिडकीशी धरला.
मी पाठ केलेला एकमेव शब्द जिभेवर घोळवत उभी,
प्शेप्राशाम, प्शेप्राशाम,
माफ करा म्हणायलाही केवढी कसरत.
त्या काही बोलेनात.
मग हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं:
आई रंगखात्यात होती.
गुरुवारी नदी ह्याच रंगाची यायची.
कुठली नदी, मी विचारलं.
त्यांनी पायानं फरशीवर ठोकलं.

तळघरात कोळशाचा वास, लोणच्याच्या बरण्या,
एक चाक नसलेली बाबागाडी.
कोपऱ्यातली भिंत ओली होती.
कान लावला तर आत
कोणीतरी कुजबुजत घाईनं चाललेलं.
माझ्या नकाशात ती दोन गल्ल्या पलीकडे आहे.

सोमवारी पान विएस्वाफना दाखवलं.
चष्मा वर, चष्मा खाली.
शेजारच्या टेबलावरची ओलेस्या, खार्किवची,
हातातलं सफरचंद खायची थांबली.
बघू, म्हणाले साहेब.
आणि पेन्सिलीनं, पुसता येईल इतकंच हलकं,
एक टिंब दिलं.

परवा कामावरून आले तर
खालच्या बेलच्या पाटीवर नवी चिठ्ठी.
पानी ग्राझिनांचं अक्षर, निळी शाई:
त्यांचं आडनाव, त्याखाली माझं.
बोल्ली.
दोन्ही ल वर सवयीनं
तिरपी काट मारलेली.
म्हणजे आता मी बोव्वी.

पेन होतं पर्समध्ये. किल्लीही होती.
हात गार पडले होते, ट्राम वळणावर कुरकुरत होती.
मी माझ्याच नावाशेजारचं बटण दाबलं.
जाळीतून खरखर आली, मग त्यांचा आवाज:
क्तो? कोण आहे?

उत्तर द्यायला
मला जरा वेळ लागला.