चार सूत

गाडी डावीकडे ओढते.
महाप्याला डबे घेऊन जाताना डोंगराच्या अंगाला,
गोठिवलीला परतताना खाडीच्या.
म्हणजे तिचं कुणाशी वाकडं नाही,
तिचं तिच्याशीच काहीतरी बिनसलंय.

चीर केसाएवढी होती.
स्टिअरिंग बॉक्सच्या मागे, चासीच्या पोटाला,
तांबूस ओघळ.
मला वाटलं आमटी सांडून सुकली,
सांडतेच, प्रत्येक गतिरोधकाला थोडी.
जोमानं बोट फिरवलं, हुंगलं.
"आमटी नाय काकी, गंज हाय. चासी फुटलीय."

दोन रात्री त्यानं वेल्डिंग केलं.
वर पट्टी, आतून चॅनल,
आणि रेघ अशी ओढली
की जिताड्याच्या खवल्यांवर खवले.
मी बाजारात मासे निवडते तसं
वाकून वाकून पाहिलं ते.
खोट काढायला जागा नव्हती.

मग सुरू झालं हे.

तुर्भ्याच्या अलाइनमेंटवाल्याकडे
पोरगा पडद्यावर बोट ठेवून म्हणाला,
सगळं हिरवं आहे, मॅडम.
हिरवं होतंच.
मी दिघ्याच्या सरळ पट्ट्यावर दोन्ही हात सोडले
आणि मोजलं: एक, दोन, ती
पांढरी रेघ चाकाखाली.

परत गेले. टाय रॉड अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे.
आता स्टिअरिंगवरचं चिन्ह
मान कलती करून माझ्याकडे बघायचं.
तिसरा टायर. आतली कड गुळगुळीत,
बाहेरची अजून नवी, नक्षीसकट.
उजवा खांदा रात्री ठणकायचा.
सून म्हणाली, आई, तुम्ही परातही
उजवीकडे ओढून पीठ मळता हल्ली.

शेवटी जोमाच आणून उभा राहिला बस्त्याव मिस्त्रीला.
कळव्याचा. वागळे इस्टेटीत तीस वर्षं चासी ठोकलेला.
सोबत मशीन नाही.
एक ओळंबा, दोरा, खडू,
आणि चष्मा, ज्याची एक काडी तारेची.

चासीच्या एकेका भोकातून त्यानं ओळंबा सोडला,
तो डुलायचा थांबेपर्यंत आपणही थांबला,
खाली फरशीवर फुली मारली.
आठ फुल्या.
मग आम्ही तिघांनी गाडी ढकलून बाहेर काढली
आणि फरशीवर गाडीशिवायची गाडी राहिली.

कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरा.
दुसऱ्या कोपऱ्यातून दुसऱ्यात.
"चार सूत," बस्त्याव म्हणाला.
अर्धा इंच.
एवढ्यात माझे तीन टायर गेले होते.

जोमाकडे न बघता तो म्हणाला,
"वेल्ड चांगलाय, पोरा. तुटायचा नाय.
पण भार उचलून, मोजून मग जोडायचं असतं.
फुटली तेव्हा एक बाजू खाली बसली होती.
तू बसली तशीच पक्की केलीस."

लोखंड हलकं होतं, असं जोमाला म्हणता आलं असतं.
खड्डे आहेत, काकी भार जास्त घालतात,
हेही खरंच होतं.
तो गप्प आत गेला, ग्राइंडर घेऊन आला,
आणि आपली ती खवल्यांची रेघ
आपल्याच हातानं कापायला लागला.

ठिणग्या फुल्यांवर पडत होत्या.
मला आमचं अंगण आठवलं,
सिडकोचा माणूस फीत धरून उभा,
सासरे दुसरं टोक धरून,
आणि कागदावर उतरलेला तो आकडा.
त्याचा कोपरा-कोपरा कुणी पुन्हा मोजला नाही.
असो. डबे व्हायचे होते.

चौथ्या दिवशी गाडी मिळाली.
सरळ.
इतकी सरळ की घणसोलीच्या पुढे
मी जवळजवळ दुभाजकावर चढले,
हात आपला उजवीकडे ओढतोय,
समोरून ओढणारं कुणी नाही.
मागच्या रिक्षावाल्यानं शिवी घातली,
मी ती घेतली.

आज सोळावा दिवस.
जोमाच्या गॅरेजात झाडू मारणारा पोरगा
त्या फुल्या वगळून झाडतो.
खांदा बराच उतरलाय.
फक्त पीठ मळताना परात अजून
उजवीकडे सरकते,
सून काही बोलत नाही,
डावीकडून हळूच तिला पुढे लोटते.