पावतीच्या मागे

आधी वाटलं, सरकी अडकली घशात.
जिनिंगच्या आवारातलं कुत्रं,
कापसाच्या गंजीवर निजतं तोंड उघडं टाकून.
खोकतं, मान लांबवतं, ओकल्यासारखं करतं
आणि बाहेर येत काहीच नाही.
थोडा फेस.
मग आपलंच काही चुकलं अशा नजरेनं
माझ्याकडं बघतं.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत
ज्याला त्याला कारण ठाऊक होतं.
गयाबाई म्हणाली, हाडूक गुतलंय, केळं चारा.
नसीरभाई म्हणाले, रुईची धूळ.
माझ्या छातीत बत्तीस सीझनची हाय,
त्याच्यात तेराची असंल.
पाथरीच्या एका ड्रायव्हरनं
ट्रक काट्यावर चढवता चढवता सांगितलं:
पट्टा काढा. म्हातारपणी नरडं मऊ पडतंय,
पाइपावाणी चपटं व्हतंय.
पट्टा काढला.
मानेभोवती झिजलेल्या केसांची वाट तेवढी राहिली.
शेठचा मुलगा म्हणाला, टीबी असेल, गेटाबाहेर ठेवा.

माझ्या खोकल्याच्या बाटलीतलं झाकणभर औषधही पाजलं.
(त्यावरून वाघचौरे मॅडम नंतर रागावल्या.)

नाव डांबऱ्या. रंगावरून नाही, रंग मातकट.
मानवतच्या बायपासवर डांबर पडलं त्या वर्षी
चारी पाय चिकटलेलं पिल्लू
रोलरवाल्यानं माझ्या केबिनीत आणून टाकलं.
मी रॉकेलनं पाय पुसले.
म्हणून वय विचारलं की मी रस्त्याचं सांगतो:
तेरा. दोनदा खड्डे बुजवले.

माझा काटा साठ टनांचा.
पाच किलोच्या खालचं त्याला कळत नाही.
गाड्या नसल्या की डांबऱ्या मधोमध येऊन बसायचा,
आकडा वीस व्हायचा.
पौषात पंधरा झाला.
काट्याखाली माती साचली असंल म्हणून झाडून घेतलं,
शून्य केलं, परत बसवलं.
पंधरा.

सोहेलच्या छोटा हत्तीतून परभणीला नेलं,
जनावरांच्या कॉलेजात.
कोल्हा पाटीपाशी इतका खोकला
की सोहेलनं टेप बंद केला.

मॅडम वयानं लहान. प्रश्न मात्र जुनेजाणते:
रात्री जास्त की दिवसा? निजल्यावर की पळाल्यावर?
पोट फुगलंय कधीपासून?
रक्त तपासू, म्हणाल्या. एक जंत असतो,
डासातून शिरतो, काळजापाशी जाऊन राहतो.
आणि फुप्फुसात गाठ नाही ना, त्यासाठी फोटो.
मी उत्तरं देत गेलो.
रात्री, अडीच ते चार.
आडवा झाला की उठतो, कोपरं बाहेर काढून
उभ्या उभ्या पेंगतो.
सगळं मला माहीत होतं.
जुळवलं नव्हतं.

फोटो त्यांनी उजेडाला धरला.
धुळीचं आहे थोडं. नरडंही सैल पडलंय.
पण हे बघा, काळीज.
मोठं झालंय, श्वासाच्या नळीला खालून टेकलंय.
मी म्हणालो, मोठ्या काळजाचा तर तो आहेच मॅडम.
तसं नाही काका, झडप गळते,
म्हणाल्या, आणि स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला.

गठाण बांधून झाल्यावर
प्रेस दम सोडतो ना,
तसा प्रत्येक ठोक्यामागं एक फस्स.
तेरा वर्षं माझ्या पायाशी निजणारं हे,
आणि हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

गोळ्या दोन: एक लघवीची, एक काळजाच्या ताकदीची.
बरा होईल का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही रेटून विचारलं नाही.
झोपेत असताना मिनिटभर श्वास मोजा, म्हणाल्या.
तिसाच्या वर गेले की फोन करा.

आता रात्री काटा मोकळा असला की मोजतो.
छाती वर, छाती खाली, एक.
वजनपावतीच्या मागे लिहून ठेवतो.
पुढच्या बाजूला भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ.
मागच्या बाजूला
सव्वीस. चोवीस. अठ्ठावीस.
गोळीमुळं तो तीनदा बाहेर जातो.
मीही जातो सोबत,
दोघं वेगवेगळ्या लिंबांखाली.

काल एकोणतीस आले.
परत मोजायला घेतलं.
सतराव्याला सरकीच्या ढिगात उंदीर खुडबुडला,
डांबऱ्यानं झोपेतच एक कान उभा केला,
आणि माझा आकडा चुकला.