विषय: इतर

बडोद्यात, वाघोडिया रोडवरच्या आमच्या पार्कनं
काल रात्री कात टाकली.
म्हणजे घसरगुंड्या आहेत तिथंच,
बदललं ते मोबाईलवरचं.

चांगलं आहे. झटकन उघडतं.
तिकीट तीन टिचक्यांत.
निळा रंग इतका शांत
की दवाखान्याचं वाटावं.

जुनं उघडेस्तोवर चहा होऊन जायचा.
आधी हत्ती यायचा, सोंडेकडून, हळूहळू,
मग अडकत फिरणारा आकाशपाळणा,
आणि 'पधारो' फुटून रो खालच्या ओळीत पडलेला.
मी हसायचो. दर रविवारी हसायचो.

फोटोंच्या सातव्या पानावर
लाटांच्या तलावात कुणाची तरी पोरं,
मागं कठड्याशी, अर्धे कापले गेलेले बाबा,
हातांत आम्हा पाचजणांच्या चपला.
कॅमेऱ्याकडे लक्ष नाही,
लक्ष आमच्यावर.

आता तिथं एक कुटुंब हसतंय,
पाण्यात असून कोरडं.

'अभिप्राय कळवा' दाबलं.
विषय निवडा: बुकिंग, परतावा, इतर.
इतर.
रकान्यात लिहिलं: चपला.
पाठवण्याआधी
आठवून मोजल्या पुन्हा.
नऊ दिसायच्या.
दहावी कापलेल्या बाजूला.