बाकी

मार्जुन बाईंनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात
एक संख्या लिहून ठेवली होती: ७३९३९१३३.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
अंक आठ, शाळेत आम्हीही आठ.
फेरोच्या उत्तरेकडचं बेट, छपरावर गवत, गवतावर मेंढ्या,
आणि दार उघडलं की खडूची भुकटी
खाली न पडता आडवीच निघून जायची.

मूळ संख्या आहे, बाई म्हणाल्या,
विश्वास नसेल त्यानं भागून बघा.
हाइनीचा नव्हता.
सातानं भागलं, बाकी दोन.
अकरानं चार. तेरानं आठ.
आता सोळा! तो ओरडला,
आणि सतरानं भागल्यावर उरले तेरा.
त्या हिवाळ्यात त्यानं दोन वह्या संपवल्या,
आठ हजारांच्या पुढे गेला,
भाग काही गेला नाही.

हिची खोड वेगळीच आहे, बाई म्हणाल्या.
उजवीकडचा अंक पुसा, उरते तीही मूळ.
अजून एक पुसा. तीही.
अशी सोलत जा, थेट सातापर्यंत.

उन्हाळ्यात फेरीतून नववी आली,
दालिसाय, आई मासळीच्या कारखान्यात,
अंगात कुणाचा तरी मोठा स्वेटर.
आम्ही संख्येपुढे तिच्यासाठी जागा शोधली.
सम अंक नको, शून्य नको, पाच नको.
एक किंवा सात लावला की तीननं लगेच भाग जातो.
तीन आणि नऊ थोडे जास्त टिकले,
मग तेही कुठल्याशा आडबाजूच्या विभाजकानं फुटले.
ही या जातीतली सगळ्यात मोठी,
बाई हात झटकत म्हणाल्या, हिच्यापुढे काही नाही.
आणि अडगळीतून एक खुर्ची ओढत आणली.

मग हाइनीच्या बाबांना तोर्शहावनला काम मिळालं.
बाईंनी शेवटचा तीन पुसला.
ओल्वुर आणि बिर्ना एकाच फेरीनं गेले,
जुळी होती ती, पण बाईंनी अंक
एकेक करूनच पुसले.
तोरा रडली नाही. तिची मेंढी ओरडत राहिली.
दर वेळी आम्ही उरलेली संख्या भागून बघायचो,
निदान ही तरी तुटेल म्हणून.
एकदाही तुटली नाही.

शेवटी फळ्यावर सात,
आणि बाकावर मी.
आणि दालिसाय, जी संख्येत कधी नव्हतीच
म्हणून जिला कुणी पुसलं नव्हतं.

शाळेचा शेवटचा दिवस. बाई किल्ल्या शोधत होत्या.
ती उठली, टाचा उंचावून
साताशेजारी तिनं नऊ काढला, जरा तिरका.
मी मनात भागलं: दोननं, तीननं, पाचानं, सातानं.
बाईंनी ओल्या फडक्याची घडी केली,
खिशात ठेवली,
आणि दिवा मालवला.