चोवीस तास

गालिचा सोलून काढला
तर खाली पिठासारखं झालेलं रबर,
एक हेअरपिन, बिंगोची लाल चकती,
आणि त्याखाली ओक.

बेचाळीस वर्षं मी त्याच्यावरून चालत होते.
लाइल म्हणायचा, खाली काही नाही गं,
साधं पाइन असेल, राहू दे.
झाकली मूठ ती हीच.
उघडल्यावरही सव्वा लाखाचीच निघाली,
आणि हे सांगायला लाइल नाही.

स्टेपल उपसण्यात तीन दिवस गेले.
गुडघ्यांखाली उशी, हातात पक्कड.
बाराशेपर्यंत मोजले, मग नाद सोडला.
वर डोकावणारे खिळे पंच लावून आत बुडवले,
एकेकाच्या डोक्यात दोन ठोके.

घासायचं यंत्र भाड्याचं,
शनिवार सकाळ ते रविवार दुपार.
दुकानातला पोरगा म्हणाला,
एकच लक्षात ठेवा, ड्रम खाली असताना थांबायचं नाही.
थांबलात की खड्डा.
अरे, डुलुथच्या उतारांवर, बर्फात,
मी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली आहे;
कुठं थांबू नये ते तू मला सांगणार?
असं म्हणाले नाही. सही केली.

छत्तीस नंबरचा कागद लावला
आणि यंत्रानं मला
दावणीतून सुटलेल्या वासरासारखं ओढत नेलं.
जुनं तपकिरी वार्निश भुगा होऊन पिशवीत गेलं.
मग साठ नंबर. मग शंभर.
लाकूड हळूहळू गोरं होत गेलं,
घरभर आंबूस वास,
दातांखाली, पापण्यांवर, ब्रेडच्या डब्यातसुद्धा ओक.

खिडकीपाशी एक काळा डाग.
तिथला रेडिएटर गळायचा,
लाइल म्हणायचा, उद्या बघतो.
छत्तीसनं गेला नाही.
पुन्हा छत्तीसनंही गेला नाही.
ते ‘उद्या’ फार खोल मुरलं होतं.

आणि शंभरचा शेवटचा पट्टा चालू असताना
काचेवर टकटक.
ऑरिन ट्वेट, शेजारचा.
नऊ वर्षांत एक शब्द नाही:
त्याच्या यंत्राचा बर्फ माझ्या वाटेवर पडला
तेव्हापासून.
आता तोंडासमोर हात हलवत होता, आवाज, आवाज.
मी वळले.
अर्धा सेकंद असेल.

रविवारी संध्याकाळी वार्निश लावलं,
भिंतीपासून मागं सरकत, मागच्या दाराकडं,
फळीच्या रेषेनं, एका दमात एक ओळ.
उंबऱ्याबाहेर आले, पाठ सरळ केली
आणि आत पाहिलं:
हॉलभर मधाचं तळं,
पलीकडच्या काठाला टेबल,
टेबलावर गाडीची किल्ली, फोन.
खुर्चीवर कोट.
खुर्चीखाली जोडे.
पुढच्या दाराला आतून कडी; मीच लावलेली.

डब्यावर लिहिलं होतं, चोवीस तास.
सरोवरावरून वारा यायला लागला होता.
मोज्यांतले पाय गवतावर ठेवले,
गवत कडक झालेलं.

ऑरिननं दार उघडलं, माझ्या पायांकडं पाहिलं,
विचारलं काही नाही.
त्याच्या बायकोच्या सपाता अजून दारामागंच होत्या.
मटारचं सूप होतं, थोडं लागलेलं.
मग पत्ते. तो गुण मोजताना चुकतो,
दर वेळी स्वतःच्याच बाजूनं.
रात्री त्याच्या सोफ्यावरून माझी खिडकी दिसत होती.
दिवा चालूच राहिला होता,
आणि घर आतून ओलं, उजळ,
त्यात कुणी नाही.
इतका वेळ मी ते बाहेरून कधी पाहिलं नव्हतं.

आता फरशी वाळली आहे.
तो खड्डा उभ्यानं दिसत नाही;
चारच्या तिरप्या उन्हात
गुडघ्यावर बसलं तरच.
काल ऑरिन आला, सपाता परत न्यायला.
दारात जोडे काढले, न सांगता,
आणि बरोबर तिथंच जाऊन उभा राहिला.
पाय दोनदा दाबून बघितला.
म्हणाला, इथं जरा उतार आहे का गं?

मी म्हटलं, घर जुनं आहे.
कॉफी घेणार?