बुडबुडणारं यंत्र

शुक्रवारचा बाजार आटोपून,
पिशवीत तांबडी भाजी आणि माडाचा गूळ,
मी म्हापशाच्या त्या काचेच्या दुकानात शिरले.
ऑल्विन म्हणाला, "बाय, वास कसलो जाय?
लॅव्हेंडर, गवती चहा, संत्रं?"
मी म्हटलं, आधी यंत्रं दाखव.

त्याला सांगितलं नाही
की तीन वर्षांमागच्या तापात
माझ्या नाकातून वास उठून गेला तो गेलाच.
दूध करपलेलं मला आता
भांड्याच्या तडतडण्यावरून कळतं.
गेल्या दिवाळीनंतर उदबत्तीची ठिणगी पडद्याला लागली
आणि मी शेजारच्या खोलीत
आडवे शब्द, उभे शब्द भरत बसले होते.
सेवेरिना धावत आली म्हणून घर राहिलं.
तेव्हापासून दोहाहून मुलाचं एकच पालुपद:
आई, विजेवरचं घे. विस्तव नको.

ऑल्विनने पाच यंत्रं मांडली.
एक चिनी मातीचं, बदकाच्या अंड्याएवढं,
तेल नुसतं कोमट करत बसणारं.
एक बिनपाण्याचं, कुपीच उलटी लावायची,
किंमत ऐकून मी चष्मा पुसला.
बाकीची पाण्याची, धुकं सोडणारी.
"धुकं? अरे, आषाढात आमच्या कपाटातल्या
चपलांना मिशा फुटतात,
आणि मी पैसे मोजून आणखी ओल आणू?"
"खिडकी उघडी ठेव," तो म्हणाला, "अर्धा तास पुरे."

मग मी विचारायचं ते विचारलं.
पाणी संपलं तर आपोआप बंद होतं का?
वीज जाऊन आली तर
माझ्या पाठीमागे स्वतःहून सुरू तर होत नाही?
घरात मांजर आहे, तिला तेलाचा त्रास होईल?
मांजराचं त्याला ठाऊक नव्हतं.
ठाऊक नाही असं तो म्हणाला,
म्हणून मी थांबले.

त्यानं कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून
माझ्यापुढे धरला.
मी डोळे मिटले, मान हलवली,
जशी हलवतात माणसं
परक्या भाषेतल्या विनोदावर.
आत शोधलं तर सुरंगीची वळेसर सापडली, चैत्रातली,
पण नुसती पिवळी.
आईच्या अंबाड्यावर रोज आबोली असायची.
आबोलीला वास नसतो हे मला शाळेत कुणी सांगितलं
तेव्हा मी भांडले होते.

"हे बघ, आवाजच येत नाही,"
तो एकेका यंत्राची तारीफ करत होता.
"आणि ते? कोपऱ्यातलं?"
"ते जरा बुडबुडतं. लोक परत आणून देतात."
लाव म्हटलं.
पेजेची हंडी मंद आचेवर असावी तसं
ते स्वतःशी बोलायला लागलं.
सगळं दुकान शांत, आणि कोणीतरी
आत रांधतंय.
हेच दे, मी म्हटलं.

आठ दिवस नुसत्या पाण्यावर चालवलं.
गवती चहाची कुपी अजून सीलबंद आहे.
मांजर धुक्यावर पंजा मारते,
पंजा चाटते, परत मारते.
सेवेरिना नेवऱ्यांचा डबा परत द्यायला आली.
"यंत्र घेतलंस? पण वास कसलाच येना गो."
"कसलाच?"
ती दारातच थांबली, नाक वर करून,
नाडी बघणाऱ्या डॉक्टरासारखी गंभीर.
"ओल्या भिंतीचा येतो.
काल तळलेल्या बांगड्यांचा.
थोडा तुझ्या त्या निळ्या साबणाचा."

मी तिला खुर्ची ओढून दिली.
परत सांग, म्हटलं, सावकाश.

रात्री मुलाचा फोन आला.
कसं आहे यंत्र? कुठला वास घातलास?
चांगलं निघालं, मी म्हटलं, घर भरून जातं.
थांब, ऐक,
आणि फोन त्याच्याजवळ धरला.