टेबलाखालची सॅक

खराडीत, नवव्या मजल्यावर, माझ्या पायाशी
एक निळी सॅक असते.
ओजस हसला, "मॅडम, ट्रेकला?"
"घरी," म्हटलं. "कर्वेनगर. चालत."

शिट्टी, टॉर्च, राजगिऱ्याच्या वड्या,
आणि दहा-दहाच्या नोटा,
कारण नेटवर्क गेलं की चहावाल्याचा क्यूआर
नुसता कागद.

नकाशा हातानं काढला:
मुंढवा, पुलगेट, स्वारगेट, म्हात्रे पूल.
भिडे पुलावर आधीच काट मारली;
खडकवासल्यातून पाणी सोडलं म्हणताच
तो बुडून मोकळा होतो.

मागच्या बाजूला नंबर लिहायला घेतले.
नवऱ्याचा आठवेना. पाठ निघाला तो
भाड्याच्या घरातला लँडलाइन,
कधीच कापलेला.
तोही लिहिला. असू दे.

बूट शाल्मलीचे, आठवीतले.
दिवाळीत तिला लहान झाले,
मला आता बरोब्बर बसतात.
लेसला जुनी गाठ आहे,
तिनं दातांनी ओढून घट्ट केलेली.
सोडवत बसले नाही.
सतरा किलोमीटर
त्या गाठीच्याच भरवशावर जायचंय.

सहा वाजता ओजस परत आला.
"वारजं तुमच्या वाटेवरच ना, मॅडम?"
वाटेवर नाही, पुढे आहे.
म्हटलं, "चल. वड्या मात्र तुझ्या तू आण."